कंपनीचा पगारी वकील आणि त्याचें अध्ययन

वकील म्हटला म्हणजे काळा कोट, गळ्याशीं पांढरे बँड आणि न्यायाधीशापुढें चाललेला युक्तिवाद असें चित्र सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु कायद्याची पदवी घेतलेल्यांचा एक मोठा वर्ग असा आहे कीं, तो न्यायालयाची पायरी क्वचितच चढतो. त्याच्या दाराशीं पक्षकारांची गर्दी नसते, आणि त्याचा अशील नोकरी असेपर्यंत एकच असतो. तो अशील म्हणजे ज्या कंपनीच्या कचेरींत तो दरमहा वेतन घेतो ती कंपनी. सरकारी कागदांत त्याला विधि-अधिकारी म्हणतात, कचेरींत लॉ ऑफिसर म्हणतात, हुद्दा थोर असल्यास जनरल कौन्सेल म्हणतात. घरगुती बोलण्यांत यांपैकीं एकहि शब्द नीटसा रुळलेला नाहीं. येथें त्याला पगारी वकील म्हणूं.

कायद्याच्या काटेकोर भाषेंत मात्र हा मनुष्य वकील नव्हेच. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टाखालीं बार कौन्सिल ऑफ इंडियानें जे नियम केले आहेत, त्यांतील ४९ वा नियम असें सांगतो कीं, वकिली करणाऱ्यानें कोणाचीहि पूर्ण वेळ पगारी नोकरी पत्करूं नये. पत्करल्यास तसें कौन्सिलास कळवावें आणि नोकरी चालू आहे तोंपर्यंत वकिली बंद ठेवावी. हिमाचल प्रदेशांतील वीज मंडळाच्या एका विधि-अधिकाऱ्याचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मंडळाच्या वतीनें आपण न्यायालयांत उभे राहतों, मग सनद कां नसावी, असें त्याचें म्हणणें होतें. २००१ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, तो पूर्ण वेळ नोकर असल्यामुळें सनदेस पात्र नाहीं.

असा कठोर नियम कां, असें श्रोत्यांच्या मनांत येईल. नियमाचा हेतु वाईट नाहीं. वकील हा अशिलाचा प्रतिनिधि असला तरी न्यायालयाचाहि अधिकारी समजला जातो. त्याला अशिलास तोंडावर ‘हें चालणार नाहीं’ असें सांगतां आलें पाहिजे, आणि ज्याच्या हातून पगार घ्यावयाचा त्याला असें सांगण्यास छाती लागते. दहा अशील असणाऱ्या वकिलाचा एक अशील रागावून गेला तर नऊ उरतात. पगारी वकिलाचा एकुलता एक अशील रागावला तर चूल थंड पडते. तरीसुद्धां या नियमाचा एक परिणाम असा झाला आहे कीं, कायद्याचें ज्ञान रोजच्या व्यवहारांत जो सर्वांत अधिक वापरतो, तोच वकिलांच्या संघटनेच्या उंबरठ्याबाहेर राहिला आहे.

हा मनुष्य करतो तरी काय, हें पाहावयास रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याइतकी सोयीची जागा थोडी सांपडेल. १९८१ पर्यंत या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. भातशेती, मिठागरें, आंबा-सुपारी आणि मासळी एवढीच त्याची ख्याति होती. १९८५ च्या सुमारास अलिबागजवळ थळ येथें राष्ट्रीय केमिकल्सचा खतकारखाना चालू झाला. १९८९ मध्यें उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. नागोठण्यास रसायनें, डोलवीस पोलाद, आणि दक्षिणेस राजपुरी खाडींत दिघी बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यास जाणारा प्रवासी दुरून बंदराच्या उंच याऱ्या पाहतो. त्या याऱ्यांच्या पाठीमागें किती कागद उभा आहे हें त्याला दिसत नाहीं. न्हावा-शेवा येथें एका खाजगी कंपनीला स्वतःच्या पैशानें धक्का बांधून तो ठराविक वर्षें चालविण्याचा करार १९९७ मध्यें झाला. तीस वर्षांचा करार म्हणजे लिहिणाऱ्यांपैकीं बहुतेक निवृत्त होतील आणि शब्द मात्र मागें राहतील. अशा करारांत ‘हानि’, ‘विलंब’, ‘दैवी आपत्ति’ या शब्दांचा अर्थ काय, यावर कोटींचे हिशेब अवलंबून असतात.

दिघीची हकीकत याहून बोधप्रद आहे. तें बंदर चालविणारी कंपनी कर्जांत बुडाली. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेप्रमाणें प्रकरण चाललें आणि शेवटीं फेब्रुवारी २०२१ मध्यें अदानी समूहाच्या बंदर-कंपनीनें ७०५ कोटी रुपयांस तें ताब्यांत घेतलें. अशा प्रकरणांत ज्यांचें येणें असतें त्यांनीं आपला दावा मुदतींत मांडावयाचा असतो. पुनरुज्जीवनाची योजना एकदां मंजूर झाली कीं तींत न आलेलें येणें संपलें, असें सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२१ मध्यें दुसऱ्या एका खटल्यांत स्पष्ट सांगितलें. एखाद्या लहान पुरवठादार कंपनीच्या पगारी वकिलानें वर्तमानपत्रांतील नोटीस वाचली नाहीं, किंवा वाचून तिचें महत्त्व जाणलें नाहीं, तर त्या कंपनीच्या वर्षभराच्या श्रमावर पाणी पडूं शकतें.

येथेंच अध्ययनाचा प्रश्न उभा राहतो. १९९० मध्यें मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांतून किंवा पुण्याच्या आय. एल. एस. मधून पदवी घेऊन बाहेर पडलेला एखादा तरुण या किनाऱ्यावर नोकरीस लागला असें धरून चालूं. त्यानें जे कायदे पाठ केले त्यांतले किती आज उरले आहेत? १८९४ चा भूसंपादन कायदा गेला. त्याच्या जागीं २०१३ चा कायदा आला व तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. मोठ्या बंदरांचा १९६३ चा कायदा जाऊन २०२१ चा आला. १९०८ च्या बंदर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्यानें घेतली. १८७२ चा पुराव्याचा कायदा १ जुलै २०२४ रोजीं अस्तंगत झाला. १९५६ चा कंपनी कायदा गेला. कामगारांविषयींचे जुने २९ कायदे मिळून चार संहिता झाल्या आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आल्या. समुद्रकिनाऱ्याच्या नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, तिसरी २०१९ ची. शाळेंत भूगोलाचें पुस्तक बदललें तर शिक्षकास निदान नवें पुस्तक हातीं मिळतें. या गृहस्थाच्या हातीं कोणी कांहीं देत नाहीं.

न्यायालयांत जाणाऱ्या वकिलाचें शिक्षण आपोआप चालतें. सकाळीं बार-रूममध्यें चहा घेतांना कालचा निकाल कानांवर पडतो, दुसऱ्याचा युक्तिवाद बांकावर बसून ऐकतां येतो, ज्येष्ठ वकील चार गोष्टी फुकट सांगून जातो. पगारी वकील कारखान्याच्या एका कोपऱ्यांत एकटा. त्याच्या दोहों बाजूंस हिशेबनीस आणि इंजिनिअर. कायद्याविषयीं दोन शब्द बोलावयास समानधर्मी कोणी नाहीं.

परदेशांत ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानानें १९७५ सालीं वकिलांस पदवीनंतरचें शिक्षण सक्तीचें केलें व पुढें पुष्कळ संस्थानांनीं तोच मार्ग धरला. १९८२ मध्यें तेथील कंपन्यांच्या वकिलांनीं आपली स्वतंत्र संघटना स्थापिली. इंग्लंडांत सॉलिसिटरांनीं वर्षास सोळा तास शिक्षण घेतलेंच पाहिजे असा दंडक होता. पण २०१६ मध्यें ही तासांची मोजदाद त्यांनीं सोडून दिली आणि ‘तुम्हांस काय येत नाहीं तें तुम्हीच शोधा व शिका’ असें सांगितलें. हाजरीपटावरची खूण म्हणजे विद्या नव्हे, हें त्यांच्या उशिरां का होईना ध्यानीं आलें. भारतांत कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेनें आपल्या सभासदांस सतत शिक्षणाचे ठराविक गुण मिळविणें आवश्यक केलें आहे, आणि तिचें एक प्रशिक्षण-केंद्र रायगडच्या वेशीवर, बेलापूर येथें आहे. पगारी वकिलास अशी सक्ती नाहीं. सनद स्थगित असल्यानें बार कौन्सिलास त्याची फारशी आठवण राहत नाहीं.

मग तो शिकतो कोठें? अलीकडे मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून, आणि कधीं कधीं अलिबाग-कर्जतकडील विश्रामगृहांतूनहि, अशा मंडळींसाठीं एक-दोन दिवसांचे मेळावे भरतात. सकाळीं व्याख्यानें, दुपारीं चर्चा, सायंकाळीं ओळखीपाळखी. बाहेरून पाहणारा म्हणतो कीं, हा खाण्यापिण्याचा आणि कार्डें वांटण्याचा समारंभ आहे. हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. खर्चाचा भार पुष्कळदां मोठमोठ्या वकिली पेढ्या उचलतात, आणि त्या तो धर्मादाय म्हणून उचलीत नाहींत. बार कौन्सिलाचा ३६ वा नियम वकिलास जाहिरात करण्यास व कामाची याचना करण्यास बंदी करतो. जो जाहिरात करूं शकत नाहीं त्याला व्याख्यान देतां येतें. आणि श्रोत्यांमध्यें कामें वांटणारेच बसलेले असले तर तें व्याख्यान वायां जात नाहीं. म्हणून अशा ठिकाणीं गेलेल्यानें वक्ता काय सांगतो याबरोबर काय सांगण्याचें टाळतो हेंहि पाहावें. ‘या कामास बाहेरच्या वकिलाची गरज नाहीं’ हें वाक्य तेथें सहसा कानीं येणार नाहीं.

तथापि चहाच्या वेळेस कमी लेखण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या कारखान्यांत हीच नोटीस आली तेव्हां काय उत्तर दिलें, अमुक खात्यांत अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, मध्यस्थीनें तंटा मिटला तो कसा, हें ज्ञान ग्रंथांत नसतें. मात्र त्यालाहि मर्यादा आहे. एकाच मालाचे प्रतिस्पर्धी उत्पादक जेथें एकत्र येतात तेथें भाव, पुरवठा किंवा गिऱ्हाइकांची वांटणी यांचा विषय निघाला, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याची गांठ पडते. तो कायदा इतरांस समजावून सांगणाऱ्यांनींच त्याच्या तावडींत सांपडावें, याहून मोठी फजिती कोणती?

या मेळाव्यांत सध्यां सर्वांत गंभीरपणें शिकण्याजोगा विषय गुप्ततेचा आहे. अशील वकिलापाशीं जें बोलतो तें वकिलास अशिलाच्या संमतीवांचून उघड करतां येत नाहीं, हें तत्त्व फार जुनें. पगारी वकिलास तें लागू आहे काय, यावर जगांत एकमत नाहीं. इंग्लंडांत तें लागू धरतात. युरोपीय न्यायालयानें २०१० मध्यें, स्पर्धा-कायद्याच्या चौकशीपुरतें, नाहीं म्हटलें. आपल्याकडे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, नव्या पुरावा-कायद्याच्या १३२ व्या कलमाचें संरक्षण न्यायालयांत वकिली करणाऱ्यासच आहे. कंपनीच्या नोकरीतील वकिलास नाहीं. कंपनीच्या बाहेरील वकिलाशीं त्यानें केलेल्या पत्रव्यवहारास १३४ व्या कलमाचा आधार मिळेल. परंतु मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्यामधील लिखाणास तो मिळणार नाहीं. याचा अर्थ साध्या भाषेंत इतकाच कीं, कारखान्याच्या वकिलानें व्यवस्थापकास पाठविलेलें टिपण उद्यां न्यायालयांत वाचलें जाऊं शकतें.

यावर कित्येकांची पहिली प्रतिक्रिया अशी कीं, आतां लिहूंच नये, सगळें तोंडीं सांगावें. हा उपाय रोगाहून घातक आहे. तोंडीं दिलेला इशारा विसरतां येतो. लेखी दिलेला विसरतां येत नाहीं. इशारा विसरला जाण्याची किंमत कोणास द्यावी लागते, हें उरणच्या लोकांस विचारावें.

हा किनारा कागदाचें सामर्थ्य पूर्वीपासून जाणतो. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं खोतांविरुद्ध संप चालविला, त्यांत दस्तऐवज खोताच्या पेटींत होते आणि कुळाच्या हातीं फक्त नांगर होता. बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ मध्यें खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबई विधिमंडळांत मांडलें. पुढें १९८४ च्या जानेवारींत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठीं झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व त्या लढ्यांतून आलें. आणि २७ फेब्रुवारी २०१५ रोजीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें पीठानें उरण भागांतील पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर निकाल दिला कीं, भरावामुळें तिवरांचा नाश झाला, भरतीचें पाणी अडलें, मासेमारीच्या जागा गेल्या. म्हणून १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांहून अधिक रुपये भरपाई द्यावी. बंदर, सिडको आणि तेल व नैसर्गिक वायु महामंडळ यांच्यावर ती रक्कम बसविली गेली. प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयांत नेण्यांत आलें. भरपाईचा आंकडा मोठा दिसतो. पण खाडीच्या मुखाशीं पाणी अडल्यावर जाळीं टाकणाऱ्याचा मुलगा कोणत्या धंद्यास लागला, तें कोणत्याहि निकालपत्रांत लिहिलेलें नसतें.

तिवरांविषयीं मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें अंतरिम आणि सप्टेंबर २०१८ मध्यें अंतिम आदेश दिला. तिवरांचा नाश हा घटनेच्या २१ व्या कलमानें दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग होय, असें त्यांत म्हटलें आहे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणें एक हजार चौरस मीटरांहून मोठें तिवरांचें क्षेत्र असेल तर त्याभोंवतीं ५० मीटरांचा पट्टा मोकळा सोडावा लागतो. हीं वाक्यें पडद्यावर दाखवून व्याख्याता पुढें जातो आणि ऐकणारा टिपून घेतो. येथवर ठीक आहे. परंतु किनाऱ्यावर भरणाऱ्या मेळाव्यानें त्या मंडळींस एक अर्धा दिवस सभागृहाबाहेर न्यावें. हातीं किनारा-व्यवस्थापनाचा नकाशा द्यावा आणि उधाणाच्या दिवशीं खाडीच्या बांधावर उभें करावें. तो नकाशा १ : २५,००० प्रमाणाचा असतो; म्हणजे जमिनीवरील अडीचशें मीटर कागदावर एका सेंटिमीटरांत बसतात, आणि कायद्यानें सोडावयास सांगितलेले ते ५० मीटर अवघे दोन मिलिमीटर होतात. बोथट पेन्सिलीची एक रेघ ओढली तरी त्यांतला बराच भाग तिच्याखालीं झांकला जातो. ती रेघ तिवरांच्या कोणत्या बाजूस पडली आहे, तें ओहोटीपूर्वीं तेथेंच पाहून घ्यावें लागतें.