पेट्रोल पोचत नाही तिथं

गाडी पन्नास-साठ हजार किलोमीटर चालली की मालकाच्या कानावर 'डिकार्बन' हा शब्द हमखास पडतो. सर्व्हिसिंगच्या अंदाजपत्रकात तो एका ओळीत छापलेला असतो, टाकीत ओतायच्या बाटलीवर असतो, आणि एका स्प्रेच्या डब्यात अर्ध्या तासात घरीच इंजिन नवं करून दाखवणाऱ्यांच्या तोंडीही असतो. सगळे जण 'कार्बन' असं म्हणतात ते जणू एकच वस्तू एकाच जागी साचल्यासारखं. प्रत्यक्षात पेट्रोल इंजिनात ही घाण निदान तीन जागी धरते: पिस्टनच्या माथ्यावर आणि ज्वलनकक्षात, इंजेक्टरच्या टोकाशी, आणि हवा आत घेणाऱ्या इंटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर. तिन्ही ठिकाणी ती वेगळ्या कारणानं येते आणि वेगळ्या उपायानं निघते. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत खरं दुखणं तिसऱ्या जागेचं आहे, आणि घरगुती म्हणून विकले जाणारे बहुतेक उपाय पहिल्या दोन जागांचे आहेत.

जुन्या पद्धतीत, म्हणजे ज्याला आपल्याकडे एमपीएफआय किंवा एमपीआय म्हणतात त्यात, इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेवर बसवलेला असतो. तो तीन-चार बार दाबानं पेट्रोल फवारतो, आणि ती फवार इंटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून मग हवेबरोबर आत जाते. पेट्रोल हा उत्तम द्रावक. त्यात कंपन्यांनी मिसळलेली मलनाशक द्रव्यंही असतात. त्यामुळे व्हॉल्व्ह दर फेरीला आपोआप धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये तोंड काढतो आणि दीडशे-दोनशे बार, नव्या इंजिनांत साडेतीनशे बारपर्यंतच्या दाबानं पेट्रोल सोडतो. कल्पना नवी नाही. १९५४ साली लोकांसमोर आलेल्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ती होती, आणि मित्सुबिशीनं १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह ती रोजच्या वापराच्या गाडीत आणली. सिलिंडरमध्येच बाष्पीभवन होणारं पेट्रोल आतली हवा थंड करतं, म्हणून कॉम्प्रेशन वाढवता येतं, टर्बो जोडता येतो आणि एक लिटरचं इंजिन पूर्वीच्या दीड लिटरचं काम करतं. फायदा खरा आहे. फक्त या व्यवस्थेत इंटेक व्हॉल्व्हची पाठ कोरडी राहिली. तिथून आता नुसती हवा जाते.

नुसती हवा जात असती तरी बिघडलं नसतं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली ऑइलच्या कक्षात निसटतो. तो बाहेर सोडायला कायद्याची बंदी असल्यानं नळीवाटे परत इंटेकमध्ये ओढला जातो, आणि येताना ऑइलची वाफ आणि सूक्ष्म थेंब घेऊन येतो. जिथं एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा आत फिरवतात तिथं काजळीही येते. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून किंचित ऑइल झिरपतं ते वेगळंच. हे सगळं तापलेल्या व्हॉल्व्हवर थर धरून भाजत राहतं. भज्यांच्या कढईच्या कडेला तेलाचं जे काळं, नखानं न निघणारं किटण धरतं, साधारण तीच प्रक्रिया. थर जाड झाला की हवेची वाट अरुंद आणि खडबडीत होते, प्रत्येक सिलिंडरला हवा कमीजास्त मिळू लागते. हा दोष उत्पादकांना ठाऊक नव्हता असं नाही. फोक्सवॅगनला २००५ साली अमेरिकेत मिळालेल्या एका पेटंटात डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत इंटेक व्हॉल्व्हच्या मानेशी थर साचण्याची अडचण स्पष्ट मांडलेली आहे. टोयोटानं त्याच सुमारास काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवले, आणि फोर्डनंही पुढं काही इकोबूस्ट इंजिनांत तीच वाट धरली. बाहेरच्या इंजेक्टरचे इतर फायदेही आहेत, पण व्हॉल्व्ह धुतला जाणं हा त्यातला एक मोठा फायदा.

आता टाकीत ओतायच्या बाटलीकडे येऊ. तिच्यातला चांगला घटक पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए. तो निरुपयोगी मुळीच नाही. इंजेक्टरच्या टोकावरची आणि ज्वलनकक्षातली घाण तो काढू शकतो. पण तो पेट्रोलबरोबर प्रवास करतो, आणि पेट्रोल जिथं जात नाही तिथं तोही जात नाही. हाच न्याय पंपावरच्या महागड्या पेट्रोलला आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोललाही लागू आहे. यावर अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेची २०१६ ची चाचणी पुढे केली जाते: साध्या पेट्रोलमुळे व्हॉल्व्हवर साचलेली घाण उत्तम मलनाशक असलेल्या पेट्रोलच्या सरासरी एकोणीस पट निघाली होती. आकडा खरा आहे. मात्र ती चाचणी ज्या प्रमाण पद्धतीनं झाली तिच्यातलं फोर्डचं २.३ लिटरचं इंजिन बाहेरून पेट्रोल फवारणारं, जुन्या पद्धतीचं होतं. तो निष्कर्ष डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हला लावणं म्हणजे एका रोग्याचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फायलीत लावणं. 'बाटली टाकल्यावर गाडी खरंच सुधारली' असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांचा इंजेक्टर चोंदला असेल आणि तो मोकळा झाला असेल. किंवा त्याच सर्व्हिसिंगमध्ये प्लग आणि एअर फिल्टरही बदलले असतील. त्यातून व्हॉल्व्ह स्वच्छ झाल्याचं मात्र सिद्ध होत नाही.

म्हणून कुठलाही डबा विकत घेण्याआधी आपल्या बॉनेटखाली नेमकं काय आहे ते पाहावं. भारतात धावणाऱ्या पेट्रोल गाड्यांत जुन्या पद्धतीच्या गाड्यांचा वाटा अजून मोठा आहे, आणि त्यांच्या मालकांना हा लेख इथंच बाजूला ठेवता येईल. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या कुशाक आणि टायगनमधलं टीएसआय, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं पेट्रोल इंजिन, मारुती फ्रॉन्क्सचं बूस्टरजेट ही डायरेक्ट इंजेक्शनची. नावावरून मात्र फसायला होतं. ह्युंदाई व्हेन्यू १.२ लिटर एमपीआय इंजिनातही विकली गेली आणि एक लिटरच्या टर्बो जीडीआयमध्येही. नाव एकच, व्हॉल्व्हचं भवितव्य वेगळं. टर्बो आहे म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन असेलच असंही नाही, टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल जुन्याच पद्धतीनं पेट्रोल घेतं. गाडीच्या पुस्तिकेत इंजिनाच्या तपशिलात हे लिहिलेलं असतं. एमपीआय गाडीच्या मालकाला व्हॉल्व्ह साफ करण्याचं पॅकेज विकणारा सर्व्हिस सल्लागार त्याला रोज आपोआप होणाऱ्या कामाचेच पैसे मागत असतो.

दुसरी पायरी निदानाची, आणि घरी करण्याजोगं खरं काम इथंच आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर थरथरणं, पहिली काही मिनिटं मिसिंग मारणं, पिकअप मंदावणं, ॲव्हरेज घसरणं ही लक्षणं कार्बनची आहेत. पण तीच लक्षणं झिजलेल्या स्पार्क प्लगची, दुबळ्या इग्निशन कॉइलची आणि फाटक्या व्हॅक्यूम नळीचीही आहेत. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लागणारा छोटा स्कॅनर फार महाग नाही. तो एकाच सिलिंडरचं मिसिंग दाखवत असेल, तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कार्बनला दोष देण्याचं कारण उरत नाही. कॅमेऱ्याची नळी प्लगच्या भोकातून आत घालून काढलेले फोटोही जपून वाचावेत. तिथून पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्हचा चेहरा दिसतो. घाण साचते ती पाठीवर, आणि पाठ बघायची तर वाट इंटेकच्या बाजूनंच काढावी लागते. काळाकुट्ट पिस्टन दाखवून व्हॉल्व्हची सफाई विकणं सोपं आहे, कारण फोटो कुठला ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

निदान पक्कं झालं तर घरी करण्यासारखा एकच उपाय काहीसा तर्काला धरून आहे: इंटेकच्या वाटेनं मारायचा, खास डायरेक्ट इंजेक्शनसाठी बनवलेला पीईएयुक्त स्प्रे. तो निदान योग्य रस्त्यानं तरी जातो. रीत अशी की इंजिन गरम करायचं, एकानं ॲक्सिलरेटरवर दोन हजारांच्या आसपास आरपीएम धरून ठेवायचे, दुसऱ्यानं हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढं, थ्रॉटलच्या दिशेनं थोडा थोडा स्प्रे सोडायचा. मग इंजिन बंद करून तासभर मुरू द्यायचं आणि नंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायची. सेन्सरवर स्प्रे पडला तर तो बिघडतो. द्रव एकदम जास्त आत गेला तर पिस्टनला न दाबता येणारा द्रव दाबावा लागतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून बाटलीनं ओतण्याचा मोह इथं महागात पडतो. डबा ज्वलनशील असतो आणि धूर विषारी, तेव्हा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हा उद्योग करूच नये. एवढं सांभाळूनही फळ मर्यादितच. स्प्रे सगळ्या सिलिंडरांना सारखा वाटला जात नाही. टर्बो गाडीत तो टर्बोच्या आधी सोडला तर बराचसा इंटरकूलरच्या थंड भिंतींवरच बसतो. काही सेकंदांच्या भिजण्यानं पातळ, ताजा थर सैल होईल. वर्षानुवर्षं भाजून दगड झालेला थर फार तर वरून ओला होईल. त्याचा तुकडा सुटून एक्झॉस्टच्या टर्बाइनवर आपटला तर खर्च दसपट वाढतो, तेव्हा जुन्या, जाड थरावर स्प्रे हा स्वस्त उपाय उरत नाही. 'डबा तर काही शेकड्यांत येतो, करून बघायला काय जातं' या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं व्हावं.

जाड थर निघतो तो खरवडूनच. इंटेक मॅनिफोल्ड काढायचा, ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे इंटेक व्हॉल्व्ह क्रँक फिरवून पूर्ण बंद करायचे, आणि अक्रोडाच्या कवचाचा रवाळ भुगा दाबाच्या हवेनं त्यावर मारत दुसऱ्या नळीनं तो लगेच ओढून घ्यायचा. कवच कार्बन फोडण्याइतकं कठीण असतं, पण व्हॉल्व्हच्या पोलादाला खाण्याइतकं नाही. कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम बाळगणारा हौशी माणूस हे घरी करू शकतो का? करू शकतो, आणि जगभर काही जण करतातही. पण कित्येक इंजिनांत मॅनिफोल्डपर्यंत पोचण्याआधी उच्च दाबाच्या पेट्रोलच्या नळ्या वाटेत येतात. त्यांतला दाब उतरवल्याशिवाय हात लावणं धोक्याचं. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तर भुगा थेट सिलिंडरमध्ये उतरतो. पाना फिरवायची आवड आणि टॉर्क रेंच या दोन्ही गोष्टी नसतील तर हे काम ओळखीच्या चांगल्या गॅरेजवर सोपवावं. हायड्रोजन वायू आत सोडून होणाऱ्या 'डिकार्बन'बद्दल प्रश्न एकच विचारावा: ज्वलन व्हॉल्व्हच्या पुढच्या बाजूला होतं, मग पाठीवरचं किटण जळणार कसं? गाडी हायवेवर चोपून काढण्याचा जुना सल्लाही इथं अर्धाच लागू पडतो. त्यानं ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं, ते चांगलंच आहे. व्हॉल्व्हवरचा जुना थर जाळायला मात्र ती उष्णता पुरत नाही.

नव्या इंजिनांत ऑइल वेगळं काढणारे सेपरेटर सुधारलेत, आता हा प्रश्न उरलाच नाही, असंही म्हटलं जातं. साचण्याचा वेग कमी झाला आहे हे मान्य करावंच लागेल. पण व्हॉल्व्ह अजून कोरडाच आहे, आणि दोन किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत रोज दोनदा जाणारी, कधीच नीट न तापणारी गाडी त्या सुधारणेचा बराचसा फायदा वाया घालवते. इथं मालकाच्या हाती सर्वात जास्त आहे ते ऑइल. ऑइल अडीचशे अंश सेल्सिअसला तासभर तापवून त्याची किती टक्के वाफ होते हे मोजणारी नोॲक नावाची चाचणी आहे. आजच्या मानकांत ही मर्यादा साधारण पंधरा टक्के. काही चांगली सिंथेटिक ऑइल्स दहाच्या खाली राहतात. हा आकडा डब्यावर सहसा नसतो, कंपनीच्या तांत्रिक पत्रकात सापडतो. उत्पादकानं सांगितलेल्या मानकाचं, एपीआय एसपी किंवा त्या गाडीसाठी नेमून दिलेलं ऑइल घ्यावं, त्यातलं कमी वाफ होणारं निवडावं, आणि शहरातल्या थांबत-थांबत चालवण्यात ते मुदतीच्या थोडं आधीच बदलावं. ऑइलची वाफ अडवणारा 'कॅच कॅन' बसवण्याची हौस असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं. आणि तो वेळच्या वेळी रिकामा केला नाही तर असून नसल्यासारखाच.

सफाईची वेळ आलीच तर गॅरेजवाल्याला काम सुरू होण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: मॅनिफोल्ड काढणार की नाही, आणि व्हॉल्व्हच्या पाठीचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवणार की नाही. काढणार म्हणाला तर नव्या गॅस्केटचा खर्च अंदाजपत्रकात आहे ना तेही बघून घ्यावं. 'मॅनिफोल्ड काढायची गरजच नाही, साहेब' असं उत्तर आलं तर तो कुठल्या वाटेनं तिथं पोचणार आहे, ते त्यालाच सांगायला लावावं.