खाणारे शोधा, दुकान सापडेल

आपल्या प्रांताचा, आपल्या चवीचा किराणा कुठे मिळतो हा प्रश्न मुंबई-पुण्यासारख्या महानगरांचा मानला जातो. वर्धा जिल्ह्याची आजची वस्ती पाहिली, तर तो इथेही तितकाच खरा आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून, सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आणि पंचटीला टेकडीवरचे हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून देशाच्या कानाकोपऱ्यातली मुले-मुली या जिल्ह्यात आणत आहेत. पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे अनेक राज्यांतली लष्करी कुटुंबे इथे काही वर्षे संसार मांडतात. बिहारच्या विद्यार्थ्याला चांगले सत्तू आणि मोहरीचे तेल हवे असते, केरळच्या परिचारिकेला स्वयंपाकाचे खोबरेल आणि उकडा तांदूळ. याच्या जोडीला आणखी एक शोध चालू असतो, तो वर्ध्यातच वाढलेल्या माणसांचा. ताजे जवस, वायगावची हळद, भिवापुरी मिरची, लाकडी घाण्याचे तेल, हंगामातली मोहफुले हे सगळे ज्या भागाचे, त्याच भागात ते विश्वासाने कुठे घ्यावे हे अनेकांना ठाऊक नसते. हे दोन शोध वेगळे वाटले तरी त्यांचे उत्तर एकच आहे. चांगले दुकान पाटीवरून, सजावटीवरून किंवा फळीवर मांडलेल्या नगांच्या संख्येवरून ओळखता येत नाही. तो पदार्थ रोजच्या जेवणात खाणारी माणसे जिथून दर आठवड्याला खरेदी करतात, ते चांगले दुकान.

याचे कारण मालाच्या स्वभावात आहे. प्रांतिक किराण्यातले बहुतेक जिन्नस टिकाऊ दिसतात, पण नाजूक असतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-३ प्रकारच्या आम्लाचा असतो आणि हवा लागली की ते झपाट्याने बिघडते. म्हणून अख्खे जवस महिनोन्महिने राहतात, पण जवसाची पूड किंवा चटणी थोड्याच दिवसांत खवट होते. बाजरीचे पीठ दळल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत कडवट लागू लागते. सत्तूला कीड लागते, मिरचीपूड रंग सोडते, हळदपुडीचा वास उडून जातो. हे जिन्नस जास्त दिवस ठेवण्यावर कितीही उपाय केले तरी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे माल पडून न राहणे, दुकानदारांच्या भाषेत त्याला उठाव असणे. ज्या दुकानात महिन्यातून एखादाच गिऱ्हाईक सत्तू मागतो, त्या दुकानदाराची नियत कितीही चांगली असली तरी त्याच्याकडचे सत्तू शिळेच असणार. उलट जिथे वसतिगृहातली वीस मुले आठवड्याला सत्तू नेतात, तिथे साध्या पोत्यातला मालही ताजा असतो. जाणत्या गिऱ्हाइकाचा आणखी एक उपयोग असतो. तो चव बिघडल्याचे लगेच सांगतो आणि पुन्हा येत नाही. ज्या पदार्थाची मूळ चव गिऱ्हाइकालाच माहीत नाही, त्या पदार्थात दुकानदाराला चुका करण्याची मुभा मिळते.

जगभरचा अनुभव याला दुजोरा देतो. मुंबईत माटुंग्याला केळीची पाने, ताजी दळलेली कॉफी आणि दक्षिणेकडचे मसाले चांगले मिळतात, कारण तिथे नोकरीनिमित्त आलेली दाक्षिणात्य कुटुंबे आधी स्थिरावली आणि दुकाने त्यांच्या मागून आली. अमेरिकेत १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीयांची संख्या वाढली आणि १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर ‘पटेल ब्रदर्स’चे पहिले दुकान उघडले. पुढे त्याच्या शाखा अमेरिकेभर निघाल्या. तिकडच्या मराठी कुटुंबांना पोहे, साबुदाणा आणि तूरडाळ सहज मिळू लागली ती गुजराती, तेलुगू, पंजाबी अशा सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून तो माल फिरता ठेवला म्हणून. वर्ध्यातल्या एकट्या-दुकट्या परप्रांतीय कुटुंबाने यातून घेण्यासारखा धडा आहे. मोहरीचे तेल बिहारी, बंगाली, ओडिया आणि ईशान्येकडची मुलेही वापरतात; उकडा तांदूळ केरळ आणि तमिळनाडूकडच्या घरांत लागतो. मागणी एकत्र केली, तर छोट्या गावातल्या किराणा दुकानदारालाही ताजा माल आणणे परवडते.

वर्ध्याला तर हा विचार नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक होते. हातसडीचा तांदूळ, न चाळलेले पीठ, गूळ आणि घाणीचे तेल लोकांच्या ताटात परत आणणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. झवेरभाई पटेल यांनी तिथे बैलघाणीत सुधारणा केल्या आणि ती सुधारलेली घाणी ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर ओळखली गेली. १९३५ मध्ये गांधीजींनी मगनवाडीतल्या स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग केले. १९३८ मध्ये ग्रामोद्योगांचे दर्शन घडवणारे मगन संग्रहालय उघडले. या सगळ्या खटाटोपामागे कुमारप्पांचा एक आग्रह होता: वस्तू कुठे, कोणाच्या हातून आणि कशी तयार झाली हे जाणून घेण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्याचीही आहे. या कामाचा महत्त्वाचा पैलू असा की मगनवाडीत आणि पुढे सेवाग्राम आश्रमात हा माल रोज खाणारी माणसे प्रत्यक्ष राहत होती. खाणारी पंगत आणि पिकवणारे, गाळणारे हात एकाच आवारात असल्यामुळे दोष लपून राहत नसे. गाईच्या तुपातले गोरसपाक आजही वर्ध्याची ओळख म्हणून टिकून आहे, त्याचेही कारण हेच. गावातली घरे ते स्वतः खातात, नुसते पाहुण्यांना भेट म्हणून देत नाहीत.

सोयाबीनची पुढची कथा मात्र याच्या उलट बाजूची आहे. ज्या जिल्ह्यात नव्वद वर्षांपूर्वी ते ताटात आणण्याचा प्रयत्न झाला, तिथल्या शेतांत आज कपाशी आणि तुरीबरोबर सोयाबीनच मोठ्या प्रमाणावर दिसते. तरी ते घरच्या जेवणात फारसे आले नाही. ते बाजार समितीतून तेलाच्या कारखान्यांकडे जाते. दरम्यान ज्वारी आणि जवस यांचे क्षेत्र आक्रसले. शेतात पीक आहे म्हणून ते शेजारच्या दुकानात चांगले मिळेल, असे समजण्यात मोठी चूक आहे. शेत आणि दुकान यांना जोडणारा धागा खाणाऱ्याच्या हातात असतो. म्हणून वर्ध्यात स्थानिक माल शोधायचा तर आठवडी बाजार, पीठगिरणी आणि मसाला कांडप केंद्र यांपासून सुरुवात करावी. कांडपवाल्याकडे कोणत्या गावची मिरची येते, गिरणीवाल्याकडे कोणाची ज्वारी दळायला येते, याची माहिती त्यांच्याइतकी कोणाला नसते. बाहेरच्या प्रांताचा माल हवा असेल, तर खाणावळी आणि वसतिगृहांचे आचारी कुठून सामान भरतात ते विचारावे. बचत गटांच्या प्रदर्शनांत फिरावे, पण तिथली एकदाची खरेदी पुरेशी नाही. प्रदर्शन संपल्यावरही त्या महिलांकडून माल कसा मिळेल, हे ठरवून घ्यावे.

हळदीचे उदाहरण या साऱ्याची कसोटी लावते. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातल्या कुरकुमीनचे प्रमाण सहा टक्क्यांहून जास्त असल्याचे सांगितले जाते. मानांकनामुळे त्या नावावर त्या परिसरातल्या उत्पादकांचा हक्क कायद्याने मान्य झाला. ही मोठी गोष्ट आहे. पण मानांकन पुडीच्या आत डोकावत नाही. ही हळद कोणत्या हंगामाची, दळून किती दिवस झाले, तीत दुसरीकडची हळद मिसळली आहे का, याची उत्तरे नुसत्या नावातून मिळत नाहीत. देशाच्या हळद व्यापारावर सांगली आणि इरोडसारख्या मोठ्या बाजारांचा प्रभाव आहे आणि एका छोट्या परिसराची हळद तिथल्या मालात सहज हरवू शकते. म्हणून गिऱ्हाइकाने तीन गोष्टी विचाराव्यात: शेतकरी किंवा गट कोणता, काढणी कोणत्या सालची, आणि हळकुंडे दाखवता येतील का. हळदीची काढणी साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर होते. त्यानंतर ती शिजवणे, वाळवणे आणि घासणे यांत काही आठवडे जातात. हा क्रम ज्या विक्रेत्याला सहज सांगता येतो, त्याचा मुळाशी संबंध आहे. तुरीची नवी डाळ, नवी मिरची आणि मोहफुले यांनाही हीच कसोटी लागू पडते. प्रत्येकाचा हंगाम आहे. बाराही महिने ‘नवा माल’ मिळतो असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. सुट्या मालापेक्षा परवाना क्रमांक छापलेले बंद पाकीट बरे, असे अनेक जाणती माणसे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या भेसळीचे मोहरीचे तेल खाऊन माणसे दगावली. लाखोळीच्या डाळीचा अतिरेक पायांचे बळ घालवतो म्हणून १९६१ मध्ये देशपातळीवर तिच्या विक्रीवर बंदी आली. तूर आणि हरभऱ्याच्या डाळीत तिची भेसळ होण्याची भीती जुनीच आहे. बांगलादेशात हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना शिशाचा विषारी रंग चोळला जात असल्याचे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे अख्खे हळकुंड मागणे हीसुद्धा पूर्ण हमी नाही, आणि झळाळता रंग तर चांगुलपणाची खूण मुळीच नाही. बांगलादेशात प्रशासनाने तपासण्या आणि दंडाचा बडगा उगारल्यावर दोन वर्षांत ती भेसळ बाजारातल्या नमुन्यांतून जवळजवळ नाहीशी झाली. यावरून दिसते की सरकारी तपासणीला पर्याय नाही. गावरान आहे, ओळखीच्याचे आहे, एवढ्यावर विष ओळखता येत नाही. म्हणून चांगल्या दुकानाच्या व्याख्येत कायद्याचे पालन आलेच पाहिजे. खाद्यतेल सुटे विकायला नियमांची मनाई आहे, तेव्हा घाणीवाल्यानेही तेल गाळल्याची तारीख लिहून सीलबंद बाटलीतच द्यावे आणि अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी. पण पाकीट आणि क्रमांक ही किमान अट आहे. पाकिटातली पूड नियमाने सुरक्षित असूनही वर्षभर जुनी आणि बेचव असू शकते. सुरक्षिततेची हमी कायद्याने द्यायची. ताजेपणा आणि अस्सलपणा राखणे हे जाणत्या गिऱ्हाइकाचे काम.

दुसरा आक्षेप असा, की आता सगळे काही मोबाइलवर मागवता येते आणि नागपूर पंचाहत्तर-एक किलोमीटरवर आहे. मग गावात शोधत कशाला बसायचे? काही जिन्नसांबाबत हे म्हणणे मान्य करावे. वेलदोडे, मखाणे, सुके नारळ किंवा महिन्यातून एकदा लागणारा एखादा मसाला मोठ्या बाजारातून आणणेच शहाणपणाचे, कारण तिथे त्याला उठाव जास्त असतो. माझाच मुद्दा इथे मला नागपूरकडे बोट दाखवायला लावतो. पण तेल, पीठ, पूड आणि चटणी यांचे तसे नाही. दूरच्या गोदामात किती दिवस पडून राहिले हे ऑनलाइन खरेदीत हातात पडेपर्यंत कळत नाही, वास घेता येत नाही, आणि तक्रार ऐकणारा माणूस समोर नसतो. शिवाय जी मागणी फोनवरून बाहेर जाते, ती गावातल्या दुकानापर्यंत पोहोचत नाही. मग दुकानदार तो माल ठेवत नाही, आणि मिळत नाही म्हणून आपण पुन्हा फोनकडे वळतो.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. लाकडी घाण्याचे तेल कारखान्यातल्या तेलापेक्षा महाग असते, मानांकनाची हळदही महाग पडते. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला यावर व्याख्यान देणे योग्य नव्हे. मात्र प्रांतिक किराणा म्हणजे महागडा किराणा हे समीकरणही खरे नाही. ज्वारी, जवस, अंबाडी, बरबटी, तीळ हे विदर्भातल्या कष्टकऱ्यांचे अन्न होते आणि आठवडी बाजारात ते आजही सर्वांना परवडेल अशा भावात मिळते. महाग होते ती आकर्षक डबीत भरून, शहरी शेल्फवर ‘सेंद्रिय’ म्हणून मांडलेली त्यांची आवृत्ती. किंमत वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे नासाडी. एकदम दोन किलो पूड घेऊन अर्धी टाकून देण्यापेक्षा पावशेर पावशेर ताजी घेणे स्वस्त पडते. हळकुंडे, मिरच्या आणि धान्य अख्खे घेऊन थोडे थोडे दळून घेतले, तर भावही आटोक्यात राहतो आणि भेसळीची एक वाटही बंद होते.

या सगळ्याचा निष्कर्ष गिऱ्हाइकावर आणि दुकानदारावर सारखीच जबाबदारी टाकतो. दुकानदारांनी गोणीवर गावाचे नाव आणि हंगाम लिहावा, दळलेल्या मालावर तारीख घालावी आणि संपेल तेवढाच माल भरावा. सेवाग्राम, सावंगी आणि विश्वविद्यालयाच्या वसतिगृहांनी आपल्या खाणावळींसाठी जिल्ह्यातलीच हळद, डाळ आणि घाणीचे तेल ठरवून घेतले, तर त्या मालाला वर्षभराचा उठाव मिळेल आणि तो गावातल्या साध्या दुकानांतही ताजा मिळू लागेल. आणि वाचकांनी एवढे करावे: पुढच्या वेळी किराणा भरताना एक तरी जिन्नस गावाचे आणि हंगामाचे नाव विचारून घ्या, चांगला निघाला तर दर आठवड्याला तिथेच घ्या, बिघडलेला निघाला तर तोंडावर सांगा. वर्ध्यात चांगली दुकाने हवी असतील, तर ती आपल्यालाच आपल्या नियमित खरेदीने घडवावी लागतील.