सरखेल कान्होजी आंग्रे व त्यांचे घराणे

नवी मुंबईहून उरणपलीकडे दक्षिणेस गेले की धरमतरची खाडी ओलांडून अलिबागचा किनारा लागतो. तेथे ओहोटीच्या वेळी पायी जाता येईल इतक्या अंतरावर, भर समुद्रात, कुलाब्याचा किल्ला उभा आहे. मुंबईतील कुलाबा तो निराळा. अठराव्या शतकाच्या आरंभी ज्यांच्या दस्तकावाचून कोकणच्या समुद्रात व्यापारी जहाजास निर्धास्तपणे जाता येत नसे, त्या कान्होजी आंग्रे ह्यांचे हे मुख्य ठाणे होय.

कान्होजींचे वडील तुकोजी. मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी ह्या गावावरून आंग्रे हे नाव पडले. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांस मिळाले, तेव्हा हे पद व ताब्यातील किल्ले त्यांजकडेच राहिले.

त्यांच्या आरमारात मोठी गुराबे व लहान गलबते असत. वारा पडला की खलाशी वल्ही मारून गलबतांनी गुराबे ओढून नेत आणि शत्रूची अवजड जहाजे जागीच खिळून राहत. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर व १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली, दोन्ही फसल्या. इंग्रजांनी त्यांस चाचा म्हटले. परंतु पोर्तुगीज तर ह्याच समुद्रात पूर्वीपासून असे परवाने देत आले होते. तेच मराठ्यांनी करताच ती चाचेगिरी कशी झाली, हे विचारी वाचकांनीच पाहावे.

१७२९ मध्ये कान्होजी वारले. त्यांस सहा पुत्र होते. थोरले सेखोजी १७३३ मध्ये निवर्तले आणि भाऊबंदकी पेटली. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी वाटणी केली: कुलाबा मानाजींकडे, सुवर्णदुर्ग व सरखेलपद संभाजींकडे. भांडण तेव्हा मिटले खरे, पण एका आरमाराची दोन झाली. पाचच वर्षांनी संभाजींनी कुलाब्यास वेढा घातला, तेव्हा मानाजींनी पेशव्यांबरोबर इंग्रजांचीही मदत मागितली. पित्याने ज्यांस आयुष्यभर दूर ठेविले, त्यांस पुत्रानेच दारी बोलाविले!

संभाजींमागून तुळाजी आले. ते शूर होते, पण पेशव्यांस जुमानीत ना. १७५५ मध्ये पेशवे व इंग्रज मिळून त्यांजवर चालून गेले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या धक्क्याशी तुळाजींचे आरमार जळून खाक झाले. ते स्वतः अखेरपर्यंत कैदेत राहिले. मानाजींच्या वंशाकडे कुलाबा संस्थान पुढे काही पिढ्या टिकले. १८४० च्या सुमारास औरस वारस उरला नाही, तेव्हा इंग्रजांनी दत्तक नाकारून ते खालसा केले.

कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. मुंबईत ज्या जुन्या कोटात त्यांजवर मोहिमा योजणारे इंग्रज गव्हर्नर राहत, तेथे आज भारतीय नौदलाचे ठाणे असून त्याचे नाव 'आंग्रे' आहे.