दुचाकी विमा अर्जातील पूर्वीच्या अपघातांची व दाव्यांची घोषणा

दुचाकी वाहनाचा विमा उतरवताना किंवा विमाकंपनी बदलताना, वाहनाला पूर्वी झालेले अपघात आणि आधीच्या विमापत्रावर (पॉलिसीवर) घेतलेली भरपाई यांविषयी अर्जदाराने केलेले लेखी निवेदन म्हणजे पूर्वीच्या अपघातांची व दाव्यांची घोषणा होय. विम्याचा हप्ता ठरवताना आणि पुढे भरपाईचा हक्क तपासताना या निवेदनाचा आधार घेतला जातो.

तत्त्व

विमा हा परमसद्भावावर आधारलेला करार मानला जातो. जोखमीविषयीची बहुतेक माहिती अर्जदाराजवळच असते, म्हणून ती सांगण्याचे कर्तव्यही त्याच्यावर येते. इंग्लंडमध्ये १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 'कार्टर विरुद्ध बोम' या खटल्यात हे तत्त्व मांडले. भारतात सागरी विमा अधिनियम, १९६३ मध्ये ते शब्दबद्ध झाले असून न्यायालये विम्याच्या इतर प्रकारांनाही ते लावतात. विमा स्वीकारावा की नाही, व स्वीकारल्यास कोणत्या दराने, या निर्णयावर ज्या गोष्टीचा प्रभाव पडेल तिला 'महत्त्वाचे तथ्य' म्हणतात. पूर्वीचे दावे हे असे तथ्य आहे.

विम्याचे दोन भाग

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्यासाठी तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याविना वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेनुसार शासन ठरवते. मालकाच्या पूर्वीच्या दाव्यांमुळे तो कमीजास्त होत नाही.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा (ओन डॅमेज) असून तो ऐच्छिक आहे. दाव्यांच्या इतिहासाचा परिणाम मुख्यतः याच भागावर होतो.

दावाविरहित सवलत

ज्या वर्षी नुकसानीचा दावा केला जात नाही, त्या वर्षाबद्दल पुढील हप्त्यात सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकानुसार सलग एक, दोन, तीन, चार व पाच दावाविरहित वर्षांसाठी ही सूट अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के आहे. एक दावा झाला की साचलेली सूट शून्यावर येते. विमापत्राची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यासही ती जाते.

ही सूट वाहनाची नसून विमाधारकाची असते. त्यामुळे जुनी दुचाकी विकत घेणाऱ्यास आधीच्या मालकाची सूट वापरता येत नाही.

घोषणेत काय येते

गॅरेजने परस्पर कंपनीकडून पैसे घेऊन केलेली, म्हणजे 'कॅशलेस', दुरुस्ती हाही दावाच असतो. मालकाच्या हातात रोख रक्कम आली नाही म्हणून 'दावा घेतला नाही' असे लिहिणे चुकीचे ठरते. निकाली न निघालेला, प्रलंबित दावाही सांगावा लागतो. याउलट, अपघात होऊनही दुरुस्तीचा खर्च स्वतःच केला असेल तर नो क्लेम बोनस कायम राहतो. मात्र अर्जात अपघाताविषयी वेगळा प्रश्न असल्यास त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते.

पालघर–बोईसर परिसर

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. तारापूर औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे तारापूर अणुऊर्जा केंद्र यांमुळे बोईसर हे कामगारवस्तीचे मोठे गाव बनले आहे. आसपासच्या गावांतून पाळीवर ये-जा करणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने दुचाकी हे रोजगाराशी जोडलेले साधन असते. बोईसर–चिल्हार व पालघर–मनोर हे रस्ते मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळतात आणि त्यांवर अवजड वाहनांच्या सोबतीनेच दुचाकीस्वाराला जावे लागते. अर्ज विमा प्रतिनिधीने किंवा ओळखीच्या माणसाने मोबाईलवर भरला, तरी त्यातील निवेदन कायद्याने विमाधारकाचेच समजले जाते.

चुकीच्या घोषणेचा परिणाम

समजा, एका कामगाराच्या विमापत्रातील नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता १,००० रुपये आहे. दोन वर्षे दावा न केल्याने त्याला २५ टक्के सूट होती. तिसऱ्या वर्षी त्याने दावा केला. नूतनीकरणाच्या वेळी कंपनी बदलून त्याने 'दावा नाही' असे कळवले आणि ३५ टक्के सूट घेतली. त्याचे ३५० रुपये वाचले. पुढे अपघातात दुचाकीचे १८,००० रुपयांचे नुकसान झाले तर तेवढी सारी रक्कम धोक्यात येते. कारण सूट मागताना केलेल्या घोषणेतच, ती खोटी ठरल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसंबंधीचे सर्व लाभ रद्द होतील, अशी अट असते.

ही अट नुकसानीच्या भागापुरती आहे. अपघातात जखमी झालेल्या त्रयस्थाचा हक्क तिने आपोआप संपत नाही. महत्त्वाचे तथ्य दडवून विमापत्र मिळवले, हा बचाव कलम १५० नुसार कंपनीला न्यायाधिकरणापुढे घेता येतो. परंतु तो सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते.

कंपनीवरही बंधन आहे. दरपत्रकानुसार नव्या कंपनीने २१ दिवसांच्या आत आधीच्या कंपनीकडे सवलतीची खातरजमा मागवायची असते. अशी पडताळणी न करता दावा आल्यावरच हरकत घेतली गेलेल्या प्रकरणांत ग्राहक आयोगांचे निवाडे एकसारखे नाहीत. काहींमध्ये दावा पूर्णतः नाकारला गेला, तर काहींमध्ये कपात करून भरपाई देण्यात आली.

दुरुस्ती व दाद

चूक लक्षात आल्यास अपघात होण्यापूर्वीच कंपनीला लेखी कळवून आणि सवलतीतील फरक भरून विमापत्रावर दुरुस्तीची नोंद करून घेता येते. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी लागते. उत्तर एका महिन्यात न आल्यास किंवा समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. या टप्प्यांवर मूळ अर्जाची प्रत हा मुख्य पुरावा ठरतो.