हे नुसतं पित्त नव्हे!

दिवाळी झाली की शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ऊसतोडीची लगबग सुरू होते. भीमेच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे उसाचे फड. कुठं झाडावर आग्या मोहोळ, कुठं विहिरीच्या कपारीत गांधीलमाशीचं पोळं. माशी चावली की आपले उपाय ठरलेले. चुना लावा, लोखंड घासा. अंगावर गांधी उठल्या की म्हणायचं, ‘पित्त उठलंय’. आमसुलाचं पाणी चोळायचं आणि कामाला लागायचं.

बहुतेक वेळा एवढ्यावर भागतंही. पण मैत्रिणींनो, कधी कधी ते नुसतं पित्त नसतं. शरीर माशीच्या विषावर इतकं जोरात उलटतं की काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. डॉक्टर याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, आपण म्हणतो ‘रिॲक्शन आली’. कारण माशीच असेल असं नाही. ती शेंगदाणा, मासे, कोळंबी अशा खाण्यानं येते, पेनिसिलिनसारख्या औषधानं येते. साप चावल्यावर देतात त्या लशीचीही येऊ शकते. म्हणून तर ती लस दवाखान्यातच घ्यायची असते.

मग ओळखायचं कसं? अंगाला खाज, गांधी, ओठ-डोळे सुजणं एवढंच असेल, तर सहसा तेवढा धोका नसतो, तरी लक्ष ठेवा. पण त्याबरोबर आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटला, धाप लागली, छातीत शिट्टी वाजू लागली, चक्कर आली, पोटात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या, तर एक मिनिटही थांबू नका. आणि लक्षात घ्या, काही जणांच्या अंगावर एकही गांध उठत नाही, थेट चक्करच येते.

अशा वेळी घरातल्या डब्यातली अवीलची किंवा सेट्रिझिनची गोळी आपण आधी काढतो. या गोळ्यांनी खाज कमी होते. पण आवळलेला श्वास मोकळा होत नाही, उतरलेलं ब्लड प्रेशर चढत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनला तर गुण यायला काही तास लागतात. जीव वाचवणारं पहिलं औषध एकच, ॲड्रेनॅलिन. जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. आजही त्याला तोड नाही. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिलिटर, मुलांना वजनाप्रमाणे कमी. काही मिनिटांत सूज उतरू लागते, श्वास मोकळा होतो. गरज पडली तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा देतात. छाती धडधडते, हात थरथरतात, पण ते थोड्या वेळात थांबतं. त्याला घाबरून इंजेक्शन नाकारू नका.

हे औषध महाग नाही. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. लसीकरणाला येणाऱ्या आरोग्यसेविकेच्या किटमध्येही असतं. २०२१ मध्ये कोरोनाची लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवत, आठवतंय? ते याच रिॲक्शनच्या भीतीनं. घरी कोणाला बोलावून इंजेक्शन घेण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी. सुई जिथं टोचतात, तिथं ॲड्रेनॅलिन हाताशी हवं.

आता नेण्याचं. आपल्याकडे मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात. ब्लड प्रेशर उतरलेल्या माणसाला असं ताठ बसवणं किंवा चालवणं धोक्याचं. पाय उंच करून आडवं झोपवा. धाप लागत असेल तर टेकून बसू द्या. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा, नाहीतर जीप, पिकअप जे मिळेल त्यातून जवळच्या दवाखान्यात न्या. निघतानाच फोन करून कळवा, ‘रिॲक्शनचा पेशंट आणतोय, ॲड्रेनॅलिन तयार ठेवा.’ बरं वाटलं म्हणून लगेच घरी परतू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा.

एकदा रिॲक्शन आली असेल, तर कशानं आली ते कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला आधी दाखवा. फडात एकटीनं लांब जाऊ नका, मोबाइल जवळ असू द्या.

आपल्या बायकांची एक खोड असते. स्वत:चं दुखणं आलं की म्हणायचं, ‘बघू संध्याकाळपर्यंत.’ घरातलेही म्हणतात, ‘पित्तच आहे, उतरेल.’ बाकी दुखणी थांबतील एखादवेळेस, ही थांबत नाही. चक्कर आलेल्या बाईला चार लोकांपुढं आपलं म्हणणं रेटता येत नसतं. तिच्यासाठी तुम्ही बोला. सासू असो, जाऊ असो की शेजारच्या बांधावरची मजूर बाई, ‘हे नुसतं पित्त नाही, गाडी काढा’ असं ठणकावून सांगा.