शिकवलेलं बोट

३ मिलिमीटर म्हणजे जेमतेम कोरड्या साबुदाण्याचा एक दाणा. तेवढी गाठ सिलिकॉनच्या कृत्रिम स्तनात दडवली, तरी शिकवलेलं बोट ती हुडकून काढतं! अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात हेन्री पेनीपॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या कौशल्याचा पाया घातला. पेनीपॅकर मानसशास्त्रज्ञ होते. स्पर्श शिकवता येतो का, हा त्यांचा प्रश्न.

खऱ्या शरीरात हे काम कितीतरी अवघड. म्हणून पद्धत काटेकोर. मधल्या तीन बोटांची टोकं नाही, पेरांचा मांसल भाग टेकवायचा. एकाच जागी छोटे गोल फिरवायचे: आधी कातडीपुरता हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत खोल. बोटं न उचलता पुढे सरकायचं, वरून खाली, खालून वर. काख सोडायची नाही, कारण स्तनाचा कर्करोग पसरताना बहुतेक वेळा आधी तिथल्या ग्रंथी गाठतो.

अशा हातांनी जीव वाचतात का? टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८मध्ये मुंबईच्या वस्त्यांत याचा शोध सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्यांची तपासणी दर दोन वर्षांनी झाली, तीही डॉक्टरांकडून नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून. २०२१मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशी गाठलेल्या बायकांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही, पण गाठी आधीच्या टप्प्यात सापडल्या. आणि वस्त्यांतल्या या तपासणीत मॅमोग्राफीचं एकही यंत्र नव्हतं!

म्हणूनच मला यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी किंवा उमरखेडकडचं उपकेंद्र फार मोलाचं वाटतं. आशाताई तिशी ओलांडलेल्यांचा, आजाराचा धोका जोखणारा सीबॅक फॉर्म भरते. स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, विचारते. पुढची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकेची. तिथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘दुखत नाही तं दाखवू कायले?’ सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही, हे त्या माउलीला समजावणं हाही प्रशिक्षणाचाच भाग. सराव सुटला की स्पर्श बोथट होतो. यवतमाळच्या सोळाही तालुक्यांत सरावासाठी सिलिकॉनचे नमुने असायलाच हवेत.

संशय आला की मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी. मॅमोग्राफीतही कसब हाताचंच. गाठ आणि दूधग्रंथी क्ष-किरण जवळजवळ सारखेच शोषतात, म्हणून छातीच्या एक्स-रेपेक्षा कमी व्होल्टेज वापरतात आणि स्तन दाबून पातळ करतात. तंत्रज्ञ तपासणीला आलेल्या बाईला खांदा सैल सोडायला लावते, स्तन हाताने पुढे ओढून पट्टीखाली घेते. तिरप्या चित्रात छातीचा स्नायू साधारण स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसायला हवा. तो वरच संपला, तर मागचा भाग चित्रात आलेलाच नाही असं समजून ती पुन्हा मांडणी करते.