कमळ दारात, नदी मोकळी

अहिल्यानगर जिल्हा म्हटले की पहिल्यांदा अवर्षणच आठवते. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडी पट्ट्यात, वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. घाट उतरून अकोले गावापर्यंत येता येता तो जेमतेम आठव्या-दहाव्या हिश्शावर येतो. एकाच तालुक्यात एका टोकाला भातखाचरे आणि दुसऱ्या टोकाला पाटपाण्यावरचा ऊस नि कांदा. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण इथलेच, त्याच्या खालचे निळवंडेही इथलेच. हरिश्चंद्रगडावरची सप्ततीर्थ पुष्करणी आणि रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराजवळची देवकोष्ठांनी वेढलेली पुष्करणी पाहिली, की इथल्या लोकांनी पाणी केवळ साठवले नाही, त्याला देखणेपणही दिले, हे लक्षात येते.

अशा तालुक्यात लक्ष्मीपूजनाचे कमळ बाजारातून, पाकळ्या काळवंडलेल्या अवस्थेत, का आणावे लागावे? ते दारात फुलू शकते. त्याला तळे लागत नाही. दीड-दोन फूट रुंदीचा टब, घमेलेभर माती आणि ऊन एवढ्यावर त्याचे भागते. मात्र कमळ लावायला शिकताना दुसरीही एक गोष्ट शिकावी लागते: शोभेच्या पाणवनस्पतीने टबाची कड ओलांडता कामा नये. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात, म्हणून एकाच लेखात मांडतो आहे.

आधी झाडाची ओळख. रोपवाटिकेत कमळ म्हणून पुष्कळदा कुमुद विकले जाते. ओळखायची खूण सोपी. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत गेलेली खाच असते आणि पान पाण्यावर पसरून राहते. कमळाचे पान अखंड गोल. पहिली दोन-चार पाने तरंगतात, पुढची मात्र पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात. दिसायला ही भावंडे वाटली तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती एकमेकांपासून फार दूर आहेत. कुमुद हे सपुष्प वनस्पतींच्या अतिप्राचीन शाखांपैकी एका शाखेतले. कमळाचे जवळचे नातलग म्हणजे पाण्याशी काही संबंध नसलेले चिनारासारखे वृक्ष. खऱ्या कमळात गुलाबी, पांढरा आणि अमेरिकी जातीत पिवळा एवढेच मूळ रंग. निळ्या कमळाचे बी म्हणून जे विकले जाते ते घेऊ नये. निळे फूल कुमुदाच्या कुळात येते, कमळाच्या नाही.

कमळाचे बी हा निसर्गातला एक अजब ऐवज आहे. जपानमधील चिबा इथे १९५१ साली इचिरो ओगा या वनस्पतिशास्त्रज्ञांना दलदलीच्या खोल थरात जुने बी मिळाले. त्याचे वय सुमारे दोन हजार वर्षे मानले जाते. पुढच्याच वर्षी त्यातून फूल उमलले. चीनच्या ईशान्य भागातल्या एका आटलेल्या तळ्यातले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे बीही रुजवण्यात आले, आणि त्याचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. हे साधते ते बियाच्या कवचामुळे. ते इतके घट्ट असते की त्यातून पाणी आत शिरत नाही, आणि म्हणूनच घरी आणलेले बी नुसते भिजत घातले तर महिनोन्महिने तसेच पडून राहते. काचकागदावर त्याचे एक टोक, आतला फिकट पिवळसर थर दिसेपर्यंत, घासावे लागते. त्याहून खोल गेले तर कोंबाला इजा होते. घासलेले बी कोमट पाण्यात ठेवून रोज पाणी बदलले की आठवड्याच्या आत हिरवा कोंब बाहेर डोकावतो. बियापासून केलेल्या रोपाला फूल यायला बहुधा दुसरा हंगाम उजाडतो. ज्यांना घाई आहे त्यांनी कंद लावावा. सगळे जमून आले तर तीनेक महिन्यांत कळी दिसते.

कंद म्हणजे आपण भाजीला आणतो ती कमळकाकडी. मात्र बाजारातल्या कमळकाकडीचे कोंब तुटलेले असतात, ती लावून उपयोग होत नाही. लावायच्या कंदाला निदान एक धड कोंब हवा. हा कोंब काडीसारखा मोडतो, आणि मोडला की कंद हमखास कुजतो. टबात माती भरून कंद आडवा, किंचित तिरपा, कडेला लागून ठेवावा. कोंबाचे टोक मातीवर उघडे राहू द्यावे. कंद तरंगून वर येऊ नये म्हणून त्यावर एखादा चपटा दगड पुरतो.

माती हा अकोल्याचा मोठा फायदा. कुंडीतल्या झाडांसाठी आपण कोकोपीट, पालापाचोळा, भुसभुशीत शेणखत शोधत फिरतो; कमळाला त्यातले काहीच चालत नाही. कोकोपीट तरंगते, कच्चे शेणखत पाण्यात सडून मुळे जाळते. त्याला हवी जड, चिकट, गाळाची माती. प्रवरेकाठची काळी माती किंवा पोयटा थोडी वाळू मिसळून घेतला तर उत्तम. राजूरच्या वरच्या अंगाला तांबडी माती असेल तर भातखाचरातली, चिखलणीने मऊ झालेली माती घ्यावी. टबाला खाली भोक नसावे. तळाशी पाच-सहा इंच माती, वर सुरुवातीला दोन-तीन इंच पाणी. पाने उभी राहू लागली की पाणी हळूहळू वाढवावे.

खताची घाई करू नये. पहिले पान पाण्याच्या वर उभे राहीपर्यंत कंदातल्या शिध्यावरच रोप वाढते. नंतर महिन्यातून एकदा पाव-अर्धा चमचा डीएपी कागदाच्या पुडीत बांधून, कंदापासून दूर, चिखलात खोल खुपसावे. पाण्यात खत विरघळवले तर कमळाआधी शेवाळ माजते. मावा पडतो, विशेषतः कोवळ्या पानांवर. पाण्याची धार मारून तो धुवून काढणे हाच सर्वांत निर्धोक उपाय. औषध फवारायचा मोह झाला तरी आवरावा, कारण त्याच टबात मासे आणि बेडूक राहणार आहेत.

एक बारकावा फार कमी लोक सांगतात. वाळलेले पान किंवा फूल कापताना देठ पाण्याच्या वर राखून कापावा. कमळाच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात. पानातून आत गेलेली हवा याच पोकळ्यांतून चिखलातल्या कंदापर्यंत पोहोचते, म्हणून तर जिथे प्राणवायू जवळपास नाही अशा गाळात कंद जगतो. देठ पाण्याखाली कापला की त्याच वाटेने पाणी कंदात उतरते आणि सड सुरू होते.

आणि फूल! कमळाचे फूल स्वतःची उष्णता स्वतः तयार करते. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात रॉजर सेमूर यांनी केलेल्या मोजमापांत भोवतालची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फुलाच्या आत ३० ते ३५ अंश तापमान टिकलेले दिसले. १९९६ साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये आले. परागीभवन करणाऱ्या भुंगेऱ्यांना थंड रात्री ऊब मिळते, हे त्याचे एक कारण मानतात. पानही तितकेच अजब. गीतेने ज्याचा दाखला दिला त्या पानावर पाणी ठरत नाही याचे कारण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडले: पृष्ठभागावर मेणाने मढलेले अतिसूक्ष्म उंचवटे असतात. पाण्याचा थेंब त्यांच्या टोकांवरच तोलला जातो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. आज स्वतः स्वच्छ राहणारे काही रंग याच तत्त्वावर बनतात.

आता हवामान. कमळाला रोज सहा तास तरी थेट ऊन हवे. अकोले, कोतूळ, देवठाण या बाजूला ते सहज मिळते. घाटघर-रतनवाडीला मात्र पावसाळ्याचे महिने ढगांत जातात. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये लागवड करून उन्हाळ्यात फूल घ्यावे, दिवाळीचा हट्ट धरू नये. थंडी पडू लागली की पाने पिवळी पडतात, वाढ थांबते. पुष्कळ जण याच वेळी झाड मेले समजून टब उपडा करतात. कंद जिवंत असतो. माती सुकू न देता तो तसाच ठेवला तर उन्हे तापताच पुन्हा कोंब धरतो. लक्ष्मीपूजनाला फूल हवे असेल तर भाद्रपदात खताचा एक हात जास्त द्यावा आणि टब भिंतीच्या उबेला, दक्षिणेच्या उन्हात सरकवावा. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने २०२३ साली ‘नमोह १०८’ ही १०८ पाकळ्यांची जात प्रसारित केली. ती मार्च ते डिसेंबर फुलते असे संस्था सांगते. दिवाळीच्या दृष्टीने ती आजमावण्याजोगी आहे.

टब म्हणजे साठलेले पाणी, आणि साठलेले पाणी म्हणजे डास. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. हे टाळायला टबात मासे हवेतच. गप्पी मासे सगळीकडे मिळतात, पण ते दक्षिण अमेरिकेतले. ओढ्यातले डानिओसारखे छोटे स्थानिक मासे तेच काम करतात, आणि पुराच्या पाण्यात टबाबाहेर गेले तरी नदीला परके नसतात.

इथून मी दुसऱ्या विषयाकडे येतो. पुण्याची मुळा-मुठा, पिंपरीची पवना, देहू-आळंदीची इंद्रायणी, कोल्हापूरचा रंकाळा, नाशिकची गोदावरी यांना ज्या जलपर्णीने वेळोवेळी ग्रासले, ती मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, आणि जगभर पोहोचली ती तिच्या जांभळ्या फुलांच्या देखणेपणामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये शोभेची म्हणून आली. अनुकूल पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे टिकते. १९८०च्या दशकात भारतात तिच्यावर नियंत्रणासाठी परदेशातून खास भुंगेरे आणून सोडावे लागले. नगरपालिका दरवर्षी यंत्रांनी ती उपसतात, दरवर्षी ती परत येते. नाल्याकाठची बेशरमही अशीच शोभेसाठी आली आणि कायमची राहिली.

अकोल्याची जागा इथे नाजूक आहे, कारण हा तालुका नदीच्या उगमाशी आहे. इथल्या ओढ्यात टाकलेली मूठभर वनस्पती प्रवरेने संगमनेरला जाते, पुढे नेवाशाकडे, आणि टोक्याच्या संगमावर गोदावरीत मिसळून थेट जायकवाडीच्या नाथसागरात. मुळेकडून गेली तर राहुरीचे धरण. खालच्या गावाला वरच्या गावाची चूक निस्तरावी लागते, आणि आपल्या वर कोणी गाव नाही.

जपायचे ते आपल्याकडे आधीच आहे. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या पठारांवर पाणथळ कातळात सीतेची आसवे फुलतात. इवल्याशा जांभळ्या फुलाखाली, ओल्या मातीत, या वनस्पतीच्या सूक्ष्म पिशव्या असतात. एखादा जलकीटक स्पर्शताच सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास पिशवी उघडून त्याला आत ओढते. तिच्या शेजारी पांढरे गेंद. ही झाडे उपटून घरी लावण्याचा प्रयत्न करू नये. ती जगतात ती मातीत पोषण जवळपास नसल्यामुळेच. नळाचे क्षारयुक्त पाणी आणि खतावलेली माती त्यांना मारते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा तिथून झाड उचलणे बेकायदेशीरही ठरते. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली. आपले पठार त्या यादीत नाही. म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही, उलट त्याची राखण आपल्यावरच आहे.

पाणवनस्पती जाणतेपणाने लावल्या तर काय घडते याचे उदाहरण भंडारा जिल्ह्यात आहे. तिथल्या जुन्या मालगुजारी तलावांत कार्यकर्ते मनीष राजनकर आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांनी बेशरम उपटून काढली, तलावाचे तळ नांगरले आणि स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या. त्यामागे देशी माशांना आसरा आणि मासेमारीला आधार मिळावा हा हेतू होता. परके काढायचे आणि आपले लावायचे, हा क्रम तिथे पाळला गेला. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी, ज्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, गावठी बियाण्यांच्या बाबतीत हेच केले. पाणवनस्पतींनाही अशा बीजबँकेची गरज आहे, आणि ती अकोल्यात झाली तर तिला याहून चांगला वारसा मिळणार नाही.

गावतळ्यात कमळ लावायचा विचार कोणी करत असेल तर एवढे सांगतो: कमळ देशी असले तरी उथळ तळे ते दोन-तीन हंगामांत झाकून टाकते. गुरांना पाणी पाजायच्या, पोहायच्या किंवा पिण्याच्या तळ्यात ते सोडू नये. लावलेच तर एका कोपऱ्यात, सिमेंटच्या टाक्यात बसवून लावावे.

टब दर वर्षी कंदांनी भरून जातो. फेब्रुवारीत कंद वेगळे करताना हातात भरपूर जादा माल उरतो. तो शेजाऱ्याला द्या, शाळेला द्या, कोवळा असेल तर भाजी करा. उरलेला बांधावर उन्हात पूर्ण वाळवून मग खतात टाका. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपासोबत जलपर्णीचा किंवा दुसऱ्या कसल्याही तरंगत्या वनस्पतीचा तुकडा आला आहे का, ते टबात सोडण्यापूर्वी पाहा. आणि काही झाले तरी टबातले पाणी, गाळ किंवा झाड प्रवरेत, मुळेत किंवा ओढ्यात ओतू नका.